बॉयलरच्या ड्रम लेव्हलसाठी चार प्रस्ताव, गुणांत फरक ०.०५: निर्णय कसा घ्यावा?

कोजन_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या को-जनमधला (सहवीजनिर्मिती) प्रश्न आहे. बॉयलर कंट्रोलमधल्या जाणकारांचं मत हवंय.

बॉयलर बगॅसवरचा (उसाचा चोथा), वाफ ७० टीपीएच (टन/तास), दाब ६७ केजी (किलो/चौ. सेंमी), ४८५ अंश. ड्रमचा (पाणी आणि वाफ वेगळी होतात ते आडवं भांडं) आतला व्यास १.४ मीटर, लांबी ७ मीटर. लेव्हल ट्रान्समीटरची रेंज −३०० ते +३०० मिमी, वाफ आणि फीड वॉटर दोन्ही फ्लोची रेंज ० ते ९० टन/तास. थ्री-एलिमेंट कंट्रोल (लेव्हल, वाफ आणि फीड वॉटर तिन्ही बघून पाणी सोडणारं) पीएलसीमध्ये (प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) आहे. लेव्हल मास्टरचा (लेव्हल बघून फीड फ्लोचा सेटपॉइंट देणारा कंट्रोलर) गेन (फरकाला किती जोराने प्रतिसाद द्यायचा) ०.८, इंटिग्रल टाइम (साचलेला फरक किती वेगाने भरून काढायचा) ६० सेकंद. फीड पंप फिक्स स्पीडचा, डिस्चार्ज १०० केजी, ड्रम ७३ केजी. लो-लो ट्रिप (पाणी फार उतरलं की बॉयलर आपोआप बंद) −१५० मिमीला.

लोड स्थिर असतानाही लेव्हल ±४० मिमी झुलते, एक झोका साधारण बारा-साडेबारा मिनिटांचा. गेल्या गाळप हंगामात लो लेव्हलवर ६ ट्रिप झाल्या. एका ट्रिपमागे सरासरी ३ तास जातात. निर्यात ९ मेगावॅट धरून आणि पुन्हा लाइट-अपचा खर्च मिळवून दर ट्रिपला अंदाजे २ लाखांचा फटका.

प्रस्ताव चार आहेत:
अ) कंट्रोल व्हॉल्व्ह ओव्हरहॉल, नवा स्मार्ट पोझिशनर (व्हॉल्व्हला नेमक्या जागी नेणारं उपकरण), लूपचं रीट्यूनिंग (कंट्रोलरचे आकडे नव्याने बसवणं): ४ लाख
ब) फीड पंपाला व्हीएफडी (पंपाचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह): २८ लाख
क) मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलचं पॅकेज (एमपीसी, मॉडेलवरून पुढचा अंदाज बांधून चालणारं कंट्रोल): ४५ लाख
ड) पीएलसी काढून डीसीएस (सगळ्या प्लांटची एकत्र कंट्रोल सिस्टिम): ९० लाख

आम्ही वजन देऊन गुणांचा तक्ता केला. वजनं अशी: लेव्हलची स्थिरता ०.३०, खर्च ०.२०, लागणारा वेळ ०.१५, देखभाल ०.१५, भविष्यातली सोय ०.२०. दहापैकी गुण त्याच क्रमाने:

अ: ६, ९, ९, ८, ३ → ६.७५
ब: ६, ६, ६, ६, ५ → ५.८०
क: ९, ४, ५, ५, ९ → ६.८०
ड: ६, २, ३, ७, १० → ५.७०

‘क’ पहिला आला. चीफ साहेबांचाही कल तिकडेच आहे आणि पुढच्या महिन्यात विषय संचालक मंडळापुढे जाणार. पद्धत शास्त्रशुद्ध आहे का? कुठे गफलत होतेय?

---

लूप_आणि_लेखा

बेरीज बरोबर आहे. निष्कर्ष टिकत नाही.

आधी वजनं हलवून बघा. ‘भविष्यातली सोय’ ०.२० वरून ०.१५ करा आणि ‘देखभाल’ ०.१५ वरून ०.२० करा. मंडळाच्या बैठकीत कुणीही सहज सुचवेल असा हा बदल आहे. ‘अ’ होतो ७.०० आणि ‘क’ ६.६०. किंवा वजनं तशीच ठेवून ‘अ’ला स्थिरतेत ६ ऐवजी ७ द्या: ७.०५. ज्या तक्त्यात एका गुणाची चूक ०.३० ने निकाल हलवते, तिथे ०.०५ ची आघाडी म्हणजे बरोबरीच. वजनं ठरवणारे आणि गुण देणारे तेच लोक असले तर कल आधी ठरतो आणि आकडे मागाहून जुळतात. हेतू चांगला असला तरी असंच होतं. म्हणून वजनं एका गटाने, कोटेशन उघडण्याआधी ठरवावीत आणि गुण दुसऱ्या गटाने द्यावेत.

दुसरी गफलत खर्चाच्या गुणांची. ४ लाखांना ९ आणि ४५ लाखांना ४. खरा फरक अकरा पटींचा, तक्त्यात दिसतो सव्वादोन पटींचा. जे रुपयांत मोजता येतं ते गुणांत बदलूच नका, रुपयांतच ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: वरची मर्यादा काढा. ६ ट्रिप गुणिले २ लाख, म्हणजे हंगामाला १२ लाख. कुठलाही उपाय शंभर टक्के यशस्वी झाला तरी ट्रिपमधून वर्षाला १२ लाखांपेक्षा एक पैसाही जास्त वाचवू शकत नाही. या मर्यादेत ‘क’ला फक्त मुद्दल फेडायला पावणेचार हंगाम लागतात, तेही वार्षिक लायसन्स आणि मॉडेलची देखभाल फुकट धरली तर. ‘अ’चे ४ लाख एका हंगामात वसूल व्हायला ट्रिप एक-तृतीयांशाने कमी झाल्या तरी पुरे, म्हणजे सहातल्या दोन. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात आणि ते तक्त्याच्या आधी करायचं असतं.

चौथं, ‘हवंच’ आणि ‘असलं तर बरं’ यांची सरमिसळ करू नका. लो वॉटर ट्रिप कंट्रोल लूपपासून स्वतंत्र असणं, बॉयलर इन्स्पेक्टरच्या मंजुरीत बसणं, पुढच्या हंगामाच्या अग्निप्रदीपनाआधी काम पुरं होणं: या अटी आहेत. यांना गुण नसतात. जो प्रस्ताव अट पाळत नाही तो बाद, मग बाकी ठिकाणी दहापैकी दहा असले तरी. ९० लाखांचं डीसीएस बंद हंगामात एफएटी (पुरवठादाराकडची चाचणी), लूप चेकिंग, लॉजिकची पडताळणी सगळं धरून बसतं का हे आधी विचारा. नसेल बसत तर ‘ड’ यंदाच्या यादीतून निघाला.

आणि ‘भविष्यातली सोय’ हा निकष मुळात या दुखण्याचा नाही. डीसीएसला तिथे १० मिळतात, पण लेव्हल का झुलते याच्याशी त्यांचा संबंध काय? आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते ती इथेच.

---

इंटिग्रेटर

मी तक्त्याबद्दल बोलत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच झोक्याचं कारण सापडतंय.

ड्रमच्या मध्यावर पाण्याचा पृष्ठभाग १.४ × ७ = ९.८ चौ. मीटर. ७३ केजीला संपृक्त पाण्याची घनता सुमारे ७४० किलो/घनमीटर. म्हणजे लेव्हलचा एक मिमी = साधारण ७.२५ किलो पाणी. फ्लो रेंजचा १ टक्का = ०.९ टन/तास = ०.२५ किलो/सेकंद, म्हणजे ०.०३४५ मिमी/सेकंद. लेव्हलची रेंज ६०० मिमी, म्हणून १ टक्का = ६ मिमी. इंटिग्रेटिंग गेन निघतो ०.००५७५ टक्के प्रति सेकंद, फ्लोच्या दर टक्क्यामागे.

इंटिग्रेटिंग (साठवणाऱ्या) प्रोसेसवर पीआय (गेन आणि इंटिग्रल असलेला कंट्रोलर) लावला की डॅम्पिंग रेशो (झोका किती लवकर विरतो त्याचं माप) = ०.५ × वर्गमूळ (गेन × इंटिग्रल टाइम × प्रोसेस गेन). तुमच्यासाठी: ०.८ × ६० × ०.००५७५ = ०.२७६, वर्गमूळ ०.५२५, डॅम्पिंग ०.२६. फार कमी. झोक्याचा काळ काढला तर सुमारे ७४० सेकंद, म्हणजे बारा मिनिटं वीस सेकंद. तुम्ही ट्रेंडवर बघताय तोच.

इथे हमखास होणारी चूक अशी की लेव्हल झुलते म्हणून गेन कमी केला जातो. फ्लो लूपवर ते चालतं. टाकी, ड्रम, डीएरेटर अशा साठवणाऱ्या प्रोसेसवर ते उलटं पडतं. गेन उतरवला की डॅम्पिंग आणखी घटतं, झोका मोठा आणि संथ होतो, मग पुन्हा गेन उतरवला जातो. तुमचा ०.८ बहुधा असाच कुणीतरी उतरवत आणलाय.

लॅम्डा पद्धतीने: फुगवट्याचा उलटा प्रतिसाद (पाणी वाढवलं की लेव्हल आधी थोडी खाली जाते तो) २० सेकंदांचा डेड टाइम (परिणाम दिसेपर्यंतचा उशीर) समजा, लॅम्डा (लूपने किती वेळात सावरावं तो काळ) ६० सेकंद घ्या (डेड टाइमच्या तिप्पट, याहून खाली जाऊ नका).
इंटिग्रल टाइम = २ × ६० + २० = १४० सेकंद.
गेन = १४० ÷ (०.००५७५ × ८० × ८०) = ३.८.
डॅम्पिंग ०.८७ येतं.

थेट ३.८ वर उडी मारू नका. पहिली पायरी: गेन ०.८ च ठेवून इंटिग्रल टाइम ३०० सेकंद करा. एवढ्यानेही डॅम्पिंग ०.५९ होतं. झोका विरायला लागला की गेन २ आणि टाइम २००, मग ३ आणि १६०, शेवटी ३.८ आणि १४०. प्रत्येक पायरीला निदान अर्धा तास ट्रेंड बघा. दोन गोष्टी आधी तपासा: तुमच्या पीएलसीच्या ब्लॉकमध्ये इंटिग्रल सेकंदांत आहे, मिनिटांत आहे की ‘रिपीट प्रति मिनिट’मध्ये, आणि गेन टक्क्यांवर चालतो की इंजिनिअरिंग युनिटवर. मिमी आणि टन/तासावर चालत असेल तर ३.८ चा आकडा ०.९ ÷ ६ ने गुणावा लागेल, म्हणजे ०.५७.

यासाठी ४५ लाख नकोत. ४ लाखही कदाचित नकोत.

---

वाफ_पाणी

वरचं गणित पटलं, पण एक खबरदारी. बारा मिनिटांचा झोका ट्यूनिंगचा आहे हे जवळपास नक्की, तरी व्हॉल्व्ह अडकत नाही हे त्याने सिद्ध होत नाही. दोन्ही असू शकतं. ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील) आवळून आवळून स्टेम (दांडा) जाम झाला असेल तर आतला फ्लो लूप स्वतंत्रपणे मिनिट-दीड मिनिटाच्या छोट्या आवर्तनात फिरतो: कंट्रोलरचं आउटपुट करवतीच्या दातांसारखं आणि फ्लो पायऱ्यांसारखा. ट्रेंड एक सेकंदाच्या सॅम्पलिंगवर लावा, दहा सेकंदांच्या सरासरीवर हे दिसत नाही.

त्याहून मोठा प्रश्न: त्या ६ ट्रिपची कारणं एकच आहेत का? ‘लो लेव्हल’ हे ट्रिपचं नाव आहे, कारण नाही. प्रत्येक ट्रिपच्या आधीचा दहा मिनिटांचा ट्रेंड आणि इव्हेंट लॉग काढा, आणि कारणानुसार वाटणी टाका. अख्ख्या १२ लाखांवर चारही प्रस्ताव हक्क सांगतायत. वाटणी केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतं ते बघा.

व्हीएफडीबद्दल: तो ऊर्जेचा प्रस्ताव आहे, लेव्हलचा नाही. व्हॉल्व्हवर सध्या सुमारे २० केजी पडतंय. ते ५-६ वर आणलं तर १५ केजी वाचतं. ७० टन/तासाला, पंपाची कार्यक्षमता ६८ टक्के धरून ४४ किलोवॅट. ड्राइव्हचा स्वतःचा लॉस वजा केला की ३५. १५० दिवसांचा हंगाम म्हणजे सव्वा लाख युनिट, ५ रुपये दराने सहा-सव्वासहा लाख. २८ लाखांवर साडेचार हंगाम. वाईट नाही, पण याचा हिशेब वेगळ्या कागदावर करा.

आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून थेट स्पीडवर लेव्हल सांभाळू असं कुणी सांगितलं तर थांबा. पंपाचं शटऑफ हेड (शून्य फ्लोला मिळणारा दाब) ११५ केजी असेल आणि ड्रमपर्यंत पोचायला ८५ लागत असेल, तर ८६ टक्के स्पीडच्या खाली पाणी जातच नाही, कारण हेड स्पीडच्या वर्गाने घटतं. शून्य ते पूर्ण फ्लो सगळा उरलेल्या दहा-बारा टक्क्यांत कोंबला जातो. एक टक्का स्पीड म्हणजे सहा-सात टन/तास. शिवाय स्टँडबाय पंप डायरेक्ट स्टार्टचा असला आणि दोन्ही समांतर चालले, तर कमी स्पीडच्या पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद होऊन तो मिनिमम फ्लोवर गरम होत राहतो. व्हीएफडी घेतलाच तर व्हॉल्व्ह फ्लो सांभाळेल आणि ड्राइव्ह व्हॉल्व्हवरचा डीपी (दाबातला फरक) ६ केजीला धरेल, अशी वाटणी करा. डीपीचा लूप फ्लो लूपपेक्षा निदान पाचपट संथ ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांशी भांडतात.

---

कोजन_इन्स्ट्रुमेंट

सगळ्यांचे मनापासून आभार. लॉग काढला. वाटणी अशी:

३ ट्रिप: टीजी (टर्बो-जनरेटर) ट्रिप झाल्यावर. वाफ ६५ वरून २० टन/तासावर काही सेकंदांत येते, लेव्हल खाली बसते आणि बॉयलरही जातो. हंगामात टीजी एकूण ११ वेळा गेला, त्यात ३ वेळा बॉयलर गेला, ८ वेळा वाचला.
२ ट्रिप: लेव्हल ट्रान्समीटरचं रीडिंग चुकलं. एकदा वेट लेगमध्ये (ट्रान्समीटरची पाणी भरलेली संदर्भ नळी) हवा, एकदा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह गळत होता. गेज ग्लासमध्ये पाणी ठीक होतं. ट्रिप एकाच ट्रान्समीटरवर आहे.
१ ट्रिप: फीड पंप बदलताना स्टँडबाय वेळेवर आला नाही.

एमपीसीवाले म्हणतात की त्यांचं मॉडेल वाफेच्या फुगवट्याचा अंदाज बांधतं, म्हणून टीजी ट्रिपमध्ये तेच उपयोगी. आणि चीफ साहेबांचा मुद्दा असा की दुसरा बॉयलर येणार आहे, तेव्हा एमपीसी लागेलच, मग आत्ताच का नको?

---

इंटिग्रेटर

११ पैकी ३ हा आकडा बोलका आहे.

±४० च्या झोक्यात लेव्हल −२६ च्या खाली असण्याचा वेळ सुमारे २७ टक्के असतो. ३ भागिले ११, तेही २७ टक्के. आकडे थोडे आहेत, त्यामुळे याला पुरावा म्हणत नाही, पण तपासण्याजोगं आहे: त्या तिन्ही वेळी टीजी गेला त्या क्षणी लेव्हल झोक्याच्या तळाला होती का? असेल तर चित्र स्पष्ट आहे. टीजी गेल्यावर लेव्हल साधारण १२५ मिमी बसते. −२६ वरून १२५ खाली म्हणजे −१५१. ट्रिप. शून्यावरून १२५ म्हणजे −१२५. बॉयलर वाचला. झोका ±१० वर आणला तर वाईटात वाईट −१३५.

त्यात भर घाला. टीजी गेला की ड्रमचा दाब वाढतो, पाण्यातले बुडबुडे आकसतात, लेव्हल खोटी खाली जाते. त्याच क्षणी थ्री-एलिमेंटचा फीड फॉरवर्ड (वाफेच्या फ्लोवरून थेट पाणी ठरवणारा भाग) वाफ कमी झाली म्हणून फीड वॉटरही झटकन कापतो. वस्तुमानाच्या हिशेबाने बरोबर, पण नेमक्या नको त्या वेळी. वाफेच्या सिग्नलवर २० सेकंदांचा फर्स्ट-ऑर्डर लॅग (बदल हळूहळू पुढे पोचवणारा विलंब) टाका: ४५ टन/तास म्हणजे १२.५ किलो/सेकंद, गुणिले २० = २५० किलो जास्तीचं पाणी, म्हणजे ३४ मिमी. लेव्हल जिथे −१३५ ला जात होती तिथे −१०० च्या आसपास थांबेल. पीएलसीमध्ये एक फंक्शन ब्लॉक, खर्च शून्य.

दुष्परिणाम काय? लोड वाढताना पाणी तेवढंच उशिरा वाढेल. पण लोड चढतो मिनिटाला चार-पाच टनांनी, तिथे हा उशीर किरकोळ. आणि टीजी ट्रिपनंतर दाब उतरला की लेव्हल पुन्हा फुगते, तेव्हा ३४ मिमी जास्त असेल. हाय-हायपर्यंत किती जागा उरते ते ट्रेंडवर बघून घ्या, सुपरहीटरमध्ये पाणी जाऊन चालणार नाही. कमी वाटली तर लॅग १२ सेकंदांचा ठेवा, २० मिमी तरी मिळतील.

---

बंधनं_आणि_मॉडेल

एमपीसीची बाजू मांडतो, कारण ते तंत्र चांगलं आहे आणि चुकीच्या जागी बसवून ते बदनाम होतं.

एमपीसीचं बळ तीन ठिकाणी: अनेक इनपुट-आउटपुट एकमेकांत गुंतलेले, लांब डेड टाइम, आणि मर्यादांना चिकटून चालण्यात पैसा. ड्रम लेव्हलमध्ये यातलं फारसं काही नाही. एक इंटिग्रेटर, एक मोजता येणारा डिस्टर्बन्स, एक व्हॉल्व्ह. टीजी ट्रिपचा सगळा खेळ पहिल्या वीस-तीस सेकंदांत संपतो. कंट्रोलर दर दोन-पाच सेकंदांनी गणित करणार आणि व्हॉल्व्ह पूर्ण पल्ला जायला आठ-दहा सेकंद घेणार, मग मॉडेल कितीही हुशार असलं तरी ते हलवणार त्याच व्हॉल्व्हला. फुगवट्याचा अंदाज खरा असला तरी त्याचा वापर शेवटी ‘पाणी लगेच कापू नको’ एवढाच, आणि ते काम वरचा लॅग करतो.

दुसरा बॉयलर आला की गोष्ट बदलते. दोन बॉयलर एका कॉमन हेडरवर, बगॅसची ओल ४८ ते ५२ टक्क्यांत हलणारी, ड्रम फीडर, एफडी (हवा देणारा पंखा), आयडी (धूर ओढणारा पंखा), फर्नेस ड्राफ्ट, ऑक्सिजन, हेडरचा दाब: हे गुंतलेलं आहे. कुणी किती लोड घ्यायचा, हवा किती, बगॅस किती, तिथे एमपीसी कमाई करू शकतं. पण त्याचं मॉडेल दोन्ही बॉयलर चालू असताना स्टेप टेस्ट (इनपुट पायरीने बदलून प्रतिसाद मोजणं) घेऊन बांधावं लागतं. आज एका बॉयलरवर बांधलेलं मॉडेल तेव्हा जवळजवळ नव्याने करावं लागेल. शिवाय एमपीसी खालच्या पीआयडी लूपना सेटपॉइंट देतं. खालचा लूप झुलत असेल किंवा व्हॉल्व्ह अडकत असेल तर स्टेप टेस्टचा डेटाच खराब, आणि त्यावर उभं केलेलं मॉडेलही. म्हणजे ‘क’ घ्यायचाच असेल तरी त्याआधी ‘अ’ करावाच लागतो. हे दोन पर्याय एका तक्त्यात समोरासमोर ठेवलेत हीच मांडणी चुकली. एक दुसऱ्याची पूर्वअट आहे.

थांबण्याची किंमतही काढा. ‘क’ एक हंगाम पुढे ढकलला तर काय गमावता? आत्ताच्या वाटणीने त्याच्या आवाक्यात फक्त ३ ट्रिप, म्हणजे फार तर ६ लाख, आणि त्यातल्या बहुतेक ‘अ’ने आधीच सुटतात. न थांबण्याची किंमत ४५ लाख, परत न येणारे. ट्यूनिंग पसंत पडलं नाही तर जुने आकडे दोन मिनिटांत परत टाकता येतात. हा फरक तुमच्या तक्त्यातल्या एकाही रकान्यात नाही.

ते दोन खोट्या रीडिंगचे ट्रिप मात्र तुमच्या चारपैकी एकाही प्रस्तावात सुटत नाहीत. त्यासाठी पाचवा प्रस्ताव लिहा: तीन ट्रान्समीटर, तीनपैकी दोन मतदान. एक बिघडला तर अलार्म, ट्रिप नाही. आणि खरं पाणी गेलं तर एक ट्रान्समीटर अडकलेला असूनही ट्रिप होते. कंट्रोलसाठी तिघांतला मधला आकडा घ्या. तीनही वेट लेग वेगळे हवेत. एकाच कंडेन्सेट पॉटवर तीन ट्रान्समीटर टांगले तर हवा शिरल्यावर तिघे मिळून खोटं बोलतील. ड्रमवर मोकळे नोझल आहेत का ते ड्रॉइंगमध्ये बघा. नसतील तर ड्रमवर नवं वेल्डिंग म्हणजे प्रेशर पार्टमधला बदल, त्याला बॉयलर विभागाची मंजुरी लागते आणि वेळापत्रक त्यावर ठरतं.

---

वाफ_पाणी

ट्रान्समीटरच्या मुद्द्याला एक जोड. डीपीवरून लेव्हल काढताना ड्रमच्या दाबाने घनतेची दुरुस्ती आहे का? थंड बॉयलरमध्ये पाणी १००० किलो/घनमीटरच्या जवळ, चालू दाबाला ७४०, आणि वाफ ३५-४०. दुरुस्ती नसेल तर लाइट-अपमध्ये रीडिंग आणि गेज ग्लास जुळत नाहीत, ऑपरेटरचा विश्वास उडतो आणि तो मॅन्युअलवर जातो.

तसंच थ्री-एलिमेंट कधी चालू होतं ते बघा. ऑरिफिसचा डीपी फ्लोच्या वर्गाने पडतो: ३० टक्के फ्लोला डीपी ९ टक्के, १० टक्के फ्लोला अवघा १. साधारण २५-३० टक्क्यांखाली सिंगल एलिमेंटवर (फक्त लेव्हल बघून) राहावं. टीजी गेल्यावर तुमची वाफ २० टन/तासावर येते, म्हणजे रेंजच्या २२ टक्के. त्या गडबडीत कंट्रोल थ्री-एलिमेंटमधून सिंगलवर पडत असेल तर ट्रान्सफर बम्पलेस (आउटपुटला धक्का न देता) आहे का हे लॉजिकमध्ये नक्की तपासा. उतरण्याचा पॉइंट १८ टक्के आणि चढण्याचा ३० टक्के असा अंतराने ठेवा. आणि उतरताना निदान दोन मिनिटांचा टायमर, म्हणजे वर सांगितलेल्या लॅगचा फायदा हातचा जाणार नाही.

---

लूप_आणि_लेखा

मंडळापुढे न्यायच्या कागदात चाचणीचा निकाल काय आला तर काय करायचं हे चाचणीच्या आधी लिहा. मागाहून लिहिलं की प्रत्येक निकाल आवडत्या प्रस्तावाच्या बाजूचा वाटतो. उदाहरणार्थ:

व्हॉल्व्ह १ टक्क्यापेक्षा कमी बदलाला हलत नसेल तर ओव्हरहॉल आणि पोझिशनर. हलत असेल तर ते पैसे तीन ट्रान्समीटरच्या प्रस्तावाकडे.

रीट्यूनिंग आणि लॅगनंतर, हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत स्थिर लोडला लेव्हल ±१५ मिमीत राहिली आणि टीजी ट्रिपला −१२० च्या वर थांबली, तर लेव्हलचा विषय बंद. ‘क’चा विचार दुसऱ्या बॉयलरच्या प्रकल्पात, कंबशन आणि हेडरसाठी, नव्या हिशेबाने.

नाही राहिली तर आधी कारण शोधायचं, आणि ते कारण एमपीसीने जाणारं असेल तरच ‘क’.

±१५ कशाला, ±३ का नको, असं कुणीतरी विचारेल. ट्रिपपासूनचं अंतर पुरेसं झालं की पुढच्या अचूकतेला कारखान्यात गिऱ्हाईक नाही. उलट तेवढी घट्ट लेव्हल धरायला फीड वॉटर सतत नाचवावं लागतं आणि इकॉनॉमायझरला (फीड वॉटर आधी तापवणारा भाग) तापमानाचे हेलकावे बसतात. ‘सर्वोत्तम’ऐवजी ‘पुरेसं चांगलं’ शोधावं हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात मांडला (१९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं). ड्रम लेव्हलला तो तंतोतंत लागू पडतो.

कुणी एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) वापरा म्हणेल. जोड्याजोड्यांनी तुलना करून वजनं काढायला ती पद्धत चांगली आहे, पण तिचा कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या आत आला याचा अर्थ तुमची उत्तरं आपसांत विसंगत नाहीत इतकाच. ती खरी आहेत असा नाही. तुमच्याकडे ट्रेंड असताना मतांची गरजच कमी आहे.

---

कोजन_इन्स्ट्रुमेंट

तिन्ही ट्रिपचे ट्रेंड पुन्हा बघितले. टीजी गेला तेव्हा लेव्हल −३१, −३८ आणि −२९ होती. चीफ साहेबांना आकडे दाखवले. चाचणी आधी करायला ते तयार आहेत, हंगामाचे शेवटचे काही दिवस बॉयलर चालू आहे. चालू बॉयलरवर व्हॉल्व्हची चाचणी सुरक्षितपणे कशी घ्यायची?

---

वाफ_पाणी

लोड स्थिर असेल अशी वेळ निवडा, मिल क्लीनिंगच्या आसपास नको. शिफ्ट इंजिनिअर आणि बॉयलर अटेंडंट दोघांना आधी सांगा, एक माणूस गेज ग्लासपाशी हवा. ट्रिप बायपास करायची नाही.

लेव्हल शून्याजवळ असताना फीड फ्लो कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या. आउटपुट ०.५ टक्का वाढवा, ३० सेकंद थांबा. पोझिशनरचा फीडबॅक आणि फ्लो दोन्ही बघा. हलला नाही तर आणखी ०.५. हलेपर्यंत किती टक्के जमा झाले ते टिपा. मग उलट दिशेने तसंच. दिशा बदलताना जास्त टक्के लागले तर बॅकलॅश किंवा घट्ट ग्लँड. फीडबॅक हलला आणि फ्लो नाही, तर दोष लिंकेज किंवा प्लगमध्ये, पोझिशनर बदलून उपयोग नाही.

व्हॉल्व्ह दोन टक्के चुकीच्या जागी राहिला आणि फ्लोही साधारण तेवढाच बदलला, तर १.८ टन/तासाचा फरक, म्हणजे मिनिटाला ४ मिमी. दहा मिनिटांत ४० मिमी. म्हणून एका फेरीला दहा मिनिटं ही मर्यादा, आणि लेव्हल ±३० ला पोचली की लगेच ऑटो. ऑटोवर परत जाताना मास्टरचं आउटपुट चालू फ्लोला ट्रॅक करतंय ना ते स्क्रीनवर बघून मगच बटण दाबा. ही चाचणी ५०, ६० आणि ७० टक्के ओपनिंगला वेगवेगळी घ्या, कारण स्टेम रोज जिथे घासतो तिथेच अडकतो, बाकी पल्ल्यात तो मोकळा असू शकतो.